अश्रू : भरपूर

डोळ्यांच्या हॉस्पिटलात काम करते म्हटलं की लोक म्हणतात, बरं आहे बाई, तुमच्याकडे कोणी मरत तरी नाही. खरं आहे. आमच्याकडे कोणी मरत नाही, म्हणून येणारा माणूस तब्येतीत बोलतो. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, आता हलू नका असं सांगितलं की त्याला नेमकं तेव्हाच घरचं सगळं आठवतं. असे किस्से साठत जातात. चहाच्या वेळी मी ते सांगायला घेतले की मैत्रिणी आधी हसतात, मग मधेच कुणीतरी कप खाली ठेवतं. तर आधीच सांगून ठेवते, हे सगळे काही हसायचे नाहीत.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, परळच्या एका गल्लीत. समोर जिथे मिल होती तिथे टॉवर आहे. मी तिथे ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डॉक्टरांच्या आधी तुमचे डोळे जी बघते ती. डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्या हाताखाली मी. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर नाडकर्णी साहेब, आमचे ॲडमिनिस्ट्रेटर. बँकेतून रिटायर होऊन आमच्याकडे आले. माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेली माणसंच जास्त त्रास देतात, हे मी साहेबांकडून शिकले.

*

कोरड्या डोळ्यांचं मशीन साहेबांच्या काळातच आलं. त्याआधी आम्ही खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवायचो, पिवळा रंग घालायचो आणि मॅडम स्वतः बघून ठरवायच्या. हे मशीन डोळ्याचे फोटो काढतं. दिव्यांची गोल कडी डोळ्यावरच्या पाण्यात उमटते, पाणी नीट असेल तर कडी गोल राहते, पाणी आटलं की ती मोडते. पापणीच्या कडेला किती पाणी साठलंय तेही ते मोजतं. सगळं बघून मशीन स्वतःच निकाल देतं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे डोळा कोरडा.

साहेबांना हे फार आवडलं. माणसाचं मत दर वेळी बदलतं, मशीनला भावना नसतात म्हणून ते खरं बोलतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग खंडेनवमी आली. आमच्या मावशींनी रिवाजाप्रमाणे सगळ्या हत्यारांची पूजा केली. चिमटे, कात्र्या, डोळ्यांचा तक्ता आणि हे नवीन मशीन. झेंडूचा हार घातला आणि समोरच्या काचेवर मनापासून कुंकवाची बोटं ओढली. दसऱ्यानंतर ओपीडी उघडली तर जो बसेल त्याचा रिपोर्ट लाल! आम्हाला वाटलं, ऑक्टोबरचा उकाडा. मॅडमना शंका आली, पण साहेब म्हणाले की आत्तापर्यंत डॉक्टरांच्या नजरेतून सुटत होते ते आता सापडतायत. शेवटी पुण्याहून कंपनीचा माणूस आला. त्याने काच बघितली, माझ्याकडे बघितलं आणि स्पिरिटचा बोळा मागितला.

"मॅडम," तो म्हणाला, "याचा तुम्ही मळवट भरलाय."

सगळ्या पेशंटना परत बोलवायचं असं मॅडमनी ठरवलं. साहेबांनी नको म्हटलं. लोकांचा मशीनवरचा विश्वास उडेल म्हणाले. त्यातले एक आजोबा आपणहून आले आणि सांगून गेले की ड्रॉप्सनी फार बरं वाटतंय, बंद करू नका.

*

आता सुरेखाताई. तिची गोष्ट एका किश्श्यात बसत नाही, त्यामुळे ती मधे मधे येत राहील.

सुरेखाताई परब आमच्या काउंटरवर असते. राहायला काळाचौकीला. समोर दिवसभर कॉम्प्युटर आणि डोक्यावर एसी, तोही असा लावलाय की वारा थेट तोंडावर. तिचे डोळे जळजळायला लागले. वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणायची. मॅडमनी तपासलं आणि सांगितलं की डोळे चांगलेच कोरडे झालेत, हिला इथून उठवा, नाहीतर बुबुळाला जखम होईल. खाली फाइल रूममध्ये जागा होती. तिथे कॉम्प्युटर नाही, एसी नाही, पंखासुद्धा त्याच्या मनात येईल तेव्हा फिरतो. सुरेखाताईला तेवढी बदली हवी होती. नोकरी सोडून घरी बसायची सोय नव्हती. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस स्टाफच्या मेडिक्लेमवर चाललं होतं.

साहेब म्हणाले, मॅडम म्हणतात ते त्यांचं मत झालं. मशीनचा लाल रिपोर्ट आणा, त्याच दिवशी बदली देतो.

आमच्याकडे सकाळी मशीन पेशंटसाठी असतं. स्टाफची तपासणी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. आणि सुरेखाताई जेवणाच्या सुट्टीत जेवायची नाही. दोन गल्ल्या सोडून एका खाजगी हॉस्पिटलात तिचा नवरा ॲडमिट असायचा, तिकडे जायची. वॉर्डात त्याच्यासमोर रडता येत नाही, घरी सासू आणि मुलगी. म्हणून ती येताना रस्त्यात रडायची, फ्लायओव्हरच्या खाली, आणि ओढणीने डोळे पुसत परत यायची. तशीच तिने मशीनवर हनुवटी टेकवली. पापणीच्या कडेला पाणी गच्च भरलेलं. रिपोर्ट हिरवा. खाली मराठीत छापलेलं, 'अश्रू : भरपूर'.

मॅडम तो कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. हे रडण्याचं पाणी आहे, ते डोळ्याला धरून राहत नाही, वाहून जातं, डोळा कोरडा तो कोरडाच, असं त्यांनी समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, पाणी आहे की नाही? मॅडम म्हणाल्या, आहे. साहेब म्हणाले, मग झालं तर.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. ती तारीख जवळ आली तेव्हा मी तिला म्हटलं, सुरेखाताई, एक दिवस नको जाऊस दुपारी. इथेच आमच्याबरोबर डबा खा आणि मग बस मशीनवर.

"आणि नेमकं त्याच दिवशी काही झालं तर?" ती म्हणाली.

ती गेली, रडून आली, रिपोर्ट हिरवा आला.

*

त्या मराठी रिपोर्टचीही एक कथाच आहे. कंपनीने पाठवलेलं भाषांतर वाचून पेशंट घाबरत होते. एका ठिकाणी चक्क 'अश्रू फाटण्याचा कालावधी' लिहिलं होतं. तेव्हा साहेबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. बँकेतला माणूस, खात्यात शिल्लक लिहावी तसे त्यांनी तीन शब्द ठरवले. भरपूर, पुरेसे, अपुरे.

लालबागच्या एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा मिलमध्ये होता, तो नुकताच वारलेला. रिपोर्ट सुनेच्या हातात पडला आणि तिने भर ओपीडीत मोठ्याने वाचला. अश्रू अपुरे. वाचून थांबायचं की नाही! पण ती म्हणाली, बघा, मी म्हणतच होते, मामंजी गेले तेव्हासुद्धा यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. मी घाईघाईने सांगायला लागले की हा आजार आहे, रडण्याशी त्याचा संबंध नाही. आजींनी मला हाताने थांबवलं.

"कोणासाठी कमी पडले," त्यांनी विचारलं, "ता पण लिवलेला आसा काय?"

सुनेने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. मी साहेबांना जाऊन सांगितलं की हा शब्द बदला. ते म्हणाले, 'अपुरे'मध्ये वाईट काय आहे?

*

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून जनाबाई यायच्या. वर्षानुवर्षं उन्हात बोंबील वाळत घालून डोळे लालभडक. त्यांचा डावा डोळा कधीच गेलेला, तरुणपणी माशाचा काटा घुसून. तिथे कृत्रिम डोळा बसवलेला, तोसुद्धा इतका छान की मला पहिल्यांदा कळलं नव्हतं.

मशीनला मात्र दोन्ही डोळे लागतात. एकाचाच फोटो दिला तर ते पुढे सरकत नाही. मी बराच वेळ खटपट केली, शेवटी वैतागून त्यांचा डावा डोळासुद्धा कॅमेऱ्यासमोर धरला. रिपोर्ट आला. उजवा लाल. डावा हिरवा, इतका सुंदर हिरवा मी त्या मशीनवर कधी बघितला नव्हता. कडी एकदम गोल, जराही हलली नाही. खाली लिहिलेलं की डोळ्याची स्थिती उत्तम, काळजीचं कारण नाही.

खोटं कशाला बोलायचं म्हणून मी त्यांना वाचून दाखवलं.

"मंग त्यो दुसरा बी काढ," त्या म्हणाल्या, "आनि आसाच बसव."

हा किस्सा मी खूप ठिकाणी सांगितलाय आणि लोक हसतात. मीही सांगताना हसते. पण त्यांचा उजवा डोळा पुढे फार दिवस चालला नाही. शेवटी शेवटी नातीचा खांदा धरून यायच्या, मग यायच्या बंद झाल्या.

*

समोरच्या टॉवरमध्ये एक आयटी कंपनी आहे. तिथला एक मुलगा आला, घरून काम करायची परवानगी हवी म्हणून. त्याला लाल रिपोर्ट पाहिजे होता. मी तपासायला बसले तर पठ्ठ्या पापणी हलवेना. फोटो संपले तरी हा तसाच टक लावून. रिपोर्ट अर्थातच लाल. बाहेर जाताना त्याने खुशीत मला सांगून टाकलं की आठवडाभर टेबल फॅनसमोर बसून त्याने प्रॅक्टिस केली होती, नेटवर व्हिडिओ बघून.

मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, मशीनने दिलंय ना लाल? आपण कोण नाही म्हणणारे?

तो रिपोर्ट काउंटरवर छापला सुरेखाताईने. शिक्का मारला, पाकिटात घातला, मुलाच्या हातात दिला. तो थँक्यू काकी म्हणून गेला. ती बाटलीतून ड्रॉप टाकत होती, मान वर करून. तशीच मला म्हणाली, मी पण बसू का गं पंख्यासमोर?

मी म्हटलं, तू एसीखाली बसतेस की रोज. त्या वेळी आम्ही दोघी हसलो.

*

मग मी माझी अक्कल चालवली. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी, तिने रडायच्या आधी, तिला मशीनवर बसवायचं. अडचण एवढीच की स्टाफचं नाव टाकलं की सॉफ्टवेअर दुपारशिवाय उघडत नाही, तशी साहेबांनीच सोय करून घेतली होती. म्हणून मी नावाच्या जागी 'टेस्ट पेशंट' असं टाकलं. कंपनीवाले शिकवताना तेच टाकायचे.

दोन्ही डोळे लाल. भडक लाल. मला इतका आनंद झाला की कुणाला आजार निघाल्यावर असा आनंद आयुष्यात झाला नव्हता. सुरेखाताई कागद घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली, मी दारात उभी. साहेबांनी चष्मा वर केला, कागद पूर्ण वाचला, अगदी वरच्या नावापासून.

"ठीक आहे," ते म्हणाले. "टेस्ट पेशंट यांची फाइल रूममध्ये बदली करतो. तुम्ही काउंटरवर जा."

साहेबांना हा विनोद फारच आवडला. त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी तो सगळ्या स्टाफला सांगितला आणि सगळे हसले. मावशी हसल्या, मी हसले, सुरेखाताई तर सगळ्यांत जास्त हसली. मला साहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आमच्या त्या हसण्याचा आला. अजून येतो.

मॅडम मात्र चहाला थांबल्या नाहीत. त्यांनी स्टूल घेतलं, काउंटरपाशी नेऊन त्याच्यावर चढल्या आणि एसीच्या झडपेला एक जुनी एक्स-रे फिल्म चिकटपट्टीने चिकटवली, वारा वळावा म्हणून. एवढ्या मोठ्या सर्जन, साडी खोचून स्टुलावर! दुसऱ्या दिवशी ट्रस्टी येणार होते. दिसायला बरं दिसत नाही म्हणून सकाळीच कुणीतरी ती फिल्म काढून टाकली.

*

व्हायचं ते झालं. एका सोमवारी सुरेखाताई उजव्या डोळ्यावर रुमाल धरून आली. डोळा उघडता येत नव्हता. मॅडमनी कसाबसा उघडून बघितला तर बुबुळावर जखम. मॅडमनी स्वतःच ड्रॉप घातले.

साहेबांनी त्याही वेळी विचारलं, मशीन काय म्हणतंय? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता तो. मी तिला बसवलं. जखमेमुळे डोळा नुसता गळत होता. 'अश्रू : भरपूर'. साहेबांनी आजारपणाची रजा मात्र लगेच मंजूर केली, हातातलं काम सोडून. बदलीचं नंतर बघू म्हणाले.

जखम भरली. मागे पांढरा डाग राहिला, तांदळाच्या कणीएवढा, नेमका बुबुळाच्या मधोमध. मॅडम तिला समजावत होत्या की हा डाग आता जाणार नाही, या डोळ्याला धुरकटच दिसणार. सुरेखाताई ऐकत होती.

"फूल पडलं म्हणा ना," ती म्हणाली. "गावाला आमच्या आजीच्या डोळ्यात होतं. लहानपणी मला वाटायचं खरंच फूल आहे."

रजा संपल्यावर ती परत काउंटरवर बसली. कागद डावीकडे सरकवून वाचायची. दुपारी वॉर्डात जायची. मिस्टरांनी विचारलं डोळ्याला काय झालं, तर कचरा गेला म्हणून सांगितलं, असं ती म्हणाली.

*

शेवटचा एकच सांगते.

सुरेखाताईचे मिस्टर गेले. आम्ही सगळे काळाचौकीला जाऊन आलो. चाळीतल्या बायका येत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिच्या बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं की ही रडत कशी नाही, तुमच्याकडे काही औषध आहे का? मी नाही म्हटलं.

दिवसकार्य झाल्यावर ती कामावर आली. योगायोगाने त्याच आठवड्यात तिची स्टाफ तपासणीची तारीख होती. दुपारी सुट्टी झाली तशी ती सवयीने उठली, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग परत आली. आमच्या टेबलावर बसून तिने डबा उघडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आमच्यात बसून जेवली. मॅडमनी तिला आपल्यातलं लोणचं वाढलं. तीच पावसाचं, मुलीच्या कॉलेजचं बोलत होती.

जेवण झाल्यावर हात धुऊन ती मशीनवर जाऊन बसली. मी न सांगता हनुवटी टेकवली. समोर दिव्याची कडी लागली. ती बघत राहिली. पापणीच्या कडेला काही म्हणजे काही नव्हतं. कडी उमटताच मोडली, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात.

दोन्ही डोळे लाल. 'अश्रू : अपुरे'. वर तिचं स्वतःचं नाव.

मला तो कागद फाडून टाकावासा वाटला. पण मी तो साहेबांकडे पाठवला, कारण बदली तिला अजूनही हवी होती, डावा डोळा वाचवायचा होता. साहेबांनी वेळ घालवला नाही. बदलीची ऑर्डर सही करून स्वतः घेऊन बाहेर आले. काउंटरपाशी सुरेखाताई उभी होती, तिच्या शेजारी डॉक्टर मॅडम, मागे मी.

"बघा सुरेखाबाई," साहेब म्हणाले, "खरं असेल तर मशीन दाखवतंच. उशीर झाला, पण दाखवलं की नाही?"

सुरेखाताईने कागद घेतला. डावीकडे सरकवून पूर्ण वाचला.

"हो साहेब," ती म्हणाली. "मधे ह्यांची अडचण होती."

साहेबांनी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर मॅडमकडे बघितलं आणि मान हलवली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले.